इंग्रजीचा ‘मुरलेला’ शिक्षक कोणाला म्हणायचे? व्यावसायिक मानकांचा एक मसुदा आणि काही शंका

विटेकर (धागाकर्ता)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या एका माध्यमिक शाळेत एकवीस वर्षांपासून इंग्रजी शिकवत आहे. सांगली जिल्ह्यातील आम्ही अकरा इंग्रजी शिक्षक महिन्यातून एकदा, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर, कोणा एकाच्या शाळेत जमतो. या बैठकांमागे कोणताही आदेश नाही, प्रवासभत्ता नाही आणि चहाचा खर्चही ज्याच्या शाळेत बसू त्याच्याच खिशातून होतो. पहिली दोन वर्षे आम्ही दहावीच्या कृतिपत्रिकेपलीकडे फारसे गेलो नाही. या जूनपासून मात्र एका प्रश्नाने आम्हाला धरून ठेवले आहे. इंग्रजी ठीकठाक शिकवणारा शिक्षक आणि त्या विषयात मुरलेला शिक्षक यांत नेमका फरक काय, आणि तो तिसऱ्या माणसाला पटेल अशा शब्दांत लिहून काढता येतो का?

प्रश्न आमच्यापुरता नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक मानके तयार करण्याची जबाबदारी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे (एनसीटीई) दिली आहे. शिक्षकाच्या अनुभवाच्या प्रत्येक टप्प्यावर त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, हे त्यांत असावे असे धोरण सांगते. २०३० मध्ये आणि नंतर दर दहा वर्षांनी त्यांचा फेरविचार व्हावा, असेही त्यात आहे. पण ही मानके सर्व शिक्षकांसाठी एकत्र आहेत. गणिताच्या, चित्रकलेच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकाला एकच वाक्य लावायचे म्हटले की ते वाक्य इतके सैल होते की त्यात कोणीही बसतो.

विषयवार मानके लिहिण्याचे प्रयत्न इतरत्र झाले आहेत. अमेरिकेत १९८७ साली स्थापन झालेले नॅशनल बोर्ड अनुभवी शिक्षकांना ऐच्छिक प्रमाणपत्र देते आणि त्यात इंग्रजीसाठी वयोगटानुसार स्वतंत्र मानके आहेत. ऑस्ट्रेलियात इंग्रजी आणि साक्षरता शिकवणाऱ्या शिक्षकांच्या दोन संघटनांनी मिळून ‘स्टेला’ नावाचा प्रकल्प केला आणि २००२ च्या सुमारास त्यातून मानके पुढे आली. मला त्यांची पद्धत विशेष भावली. त्यांनी तज्ज्ञांच्या समितीला मसुदा करायला न सांगता वर्गातल्या शिक्षकांना आपापल्या वर्गातील प्रसंग लिहायला लावले, त्या प्रसंगांवर चर्चा केली आणि मग त्यांतून मानकांची वाक्ये काढली. शिक्षकाला आपली मुले माहीत असतात, आपला विषय माहीत असतो आणि मुले भाषा कशी शिकतात हे माहीत असते, अशी त्यांच्या ज्ञानविषयक भागाची मांडणी आहे. वाक्ये साधी आहेत, पण प्रत्येकाच्या मागे कोणाचा तरी वर्ग उभा आहे.

आम्हीही तेच करून पाहिले. प्रत्येकाने एक प्रसंग लिहून आणायचा ठरले. माझा येथे थोडक्यात देतो.

आठवीच्या वर्गात मी ‘इट इज रेनिंग’ हे वाक्य फळ्यावर लिहिले होते. बाहेर खरोखरच पाऊस लागला होता, पत्र्यावर इतका आवाज होता की मला ओरडून बोलावे लागत होते. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, हा ‘इट’ कोण?” वर्ग हसला. पंधरा वर्षांपूर्वी मी त्याला “इंग्रजीत असेच म्हणतात, पाठ कर,” असे सांगून पुढे गेलो असतो, आणि खरे सांगायचे तर तसे अनेकदा गेलोही आहे. त्या दिवशी मी फळ्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर ‘उजाडले’, ‘सांजावले’, ‘मळमळते’ असे तीन शब्द लिहिले आणि विचारले, “यात कोण उजाडले? कोण मळमळते?” मुलांनी मराठीच्या तासाला भावकर्तृक क्रियापद शिकले होते, पण ते व्याकरणाच्या वहीत बंद होते. दोन-तीन मिनिटे गोंधळ चालला आणि मग एक मुलगी म्हणाली, “मराठीत कर्त्याची जागा रिकामी ठेवली तरी चालते.” मी म्हटले, इंग्रजीला ती जागा रिकामी चालत नाही, म्हणून तिथे ‘इट’ नुसता बसवून ठेवला आहे. त्या मुलाने त्यावर “म्हणजे नुसता जागा धरायला रुमाल टाकलाय,” असे म्हटले. एसटीत जागा धरायला रुमाल टाकणाऱ्या गावातल्या मुलाला याहून चांगले स्पष्टीकरण मी देऊ शकलो नसतो.

या प्रसंगातून आमच्या गटाने जे वाक्य काढले ते असे: ‘मुलाच्या घरच्या भाषेची आणि इंग्रजीची वाक्यरचना कोठे वेगळी वळते हे मुरलेल्या शिक्षकाला माहीत असते, आणि मुलाच्या चुकीतून किंवा प्रश्नातून ते वळण तो ओळखतो.’ अशी नऊ वाक्ये सध्या तयार आहेत. ती येथे टाकण्यापूर्वी मला या मंचावरील शिक्षकांचे आणि पालकांचे मत हवे आहे. असे काही लिहिणे उपयोगाचे आहे का? ‘मुरलेला’ हा शब्द कसा वाटतो? ‘निष्णात’ फार जड वाटला, ‘तज्ज्ञ’ म्हटले की प्रशिक्षणाला येणारे तज्ज्ञ मार्गदर्शक आठवतात, आणि ‘कुशल’ म्हटले की गवंडीकामाची मजुरी.

येरळाकाठ

विटेकर सर, प्रसंग उत्तम आहे आणि असा तास मला विद्यार्थी म्हणून मिळाला असता तर बरे झाले असते. तरीही मी या उद्योगाच्या विरोधात आहे आणि त्याचे कारण स्पष्टपणे मांडतो.

आपण धोरणातील मानकांचा परिच्छेद सांगितला, पण त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य सोडले. त्याच परिच्छेदात असे म्हटले आहे की बढती आणि वेतनवाढ सेवाज्येष्ठतेवर न होता या मानकांनुसार होणाऱ्या मूल्यमापनावरच व्हावी. आज आपल्याकडे बारा वर्षांनी वरिष्ठ आणि चोवीस वर्षांनी निवड वेतनश्रेणी आहे, आणि त्यासाठीच्या प्रशिक्षणाची वाट पाहत शिक्षकांची किती वर्षे जातात हे मला सांगायला नको. त्यात १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागेल. पन्नाशीला टेकलेली माझी एक सहकारी रात्री जेवण उरकल्यावर बालमानसशास्त्राच्या गाइडची पाने उलटत बसते. अशा वेळी आपण शिक्षकांनीच ‘मुरलेला शिक्षक असा असतो’ असे नऊ मुद्दे लिहून कोणाच्या हातात देणार आहोत? आपण लिहिलेले वाक्य उद्या रकाना होऊन येईल. प्रत्येक वाक्यासमोर होय-नाही, पुराव्यादाखल तीन छायाचित्रे, आणि लिंक संध्याकाळी पाचपर्यंत भरायची.

परीक्षेच्या निकालावरून शिक्षक मोजू नये म्हणून मानके हवीत, असे आपण म्हणाल. निकालाबद्दलचे तेवढे म्हणणे मला मान्यच आहे. २०१८ साली दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषांच्या तोंडी परीक्षेचे गुण काढून टाकले आणि तो ७७.१० वर आला. ते गुण परत दिले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपरही झाला नव्हता. या तीन वर्षांत राज्यातले इंग्रजीचे शिक्षक आधी बिघडले आणि मग सुधारले, असे कोणी म्हणणार नाही. पण एक चुकीचे माप गेले म्हणून आपणच दुसरे माप घडवून द्यावे, हे मला पटत नाही.

जतची बाई

मी जत तालुक्याच्या पूर्व भागात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत सहावी-सातवीला शिकवते. बोर्डाच्या हिशेबात मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी ही तृतीय भाषा आहे. माझ्या वर्गातील अर्ध्याहून अधिक मुलांच्या घरी कन्नड बोलतात. त्यांच्यासाठी मराठी ही शाळेची भाषा, हिंदी टीव्हीची आणि इंग्रजी चौथी.

विटेकर सर, आपले वाक्य ‘मुलाच्या घरच्या भाषेची’ असे म्हणते, हे मी मुद्दाम दोनदा वाचले, कारण बहुतेक ठिकाणी ‘मातृभाषा’ असे लिहून त्याचा अर्थ मराठी असा गृहीत धरतात. आपला ‘इट’ माझ्या वर्गात आला असता तर मी काय केले असते, याचा विचार करत होते. कन्नडमध्ये ‘मळे बरुत्तिदे’ म्हणतात, म्हणजे पाऊस येत आहे; तिथे पाऊसच कर्ता आहे. म्हणून माझी मुले ‘रेन इज कमिंग’ लिहितात आणि ती चूक मराठी मुलाच्या ‘रेन इज फॉलिंग’पेक्षा थोडी वेगळी असते. हे मला कोणत्याही प्रशिक्षणात कळलेले नाही. वर्गातील एका मुलीच्या आजीने मला कन्नड शिकवले, तेव्हा कळले.

मला वेगळीच भीती वाटते. माझे स्वतःचे बोललेले इंग्रजी चांगले नाही. वाचता, लिहिता, समजावून सांगता येते, पण मुख्याध्यापकांसमोर सलग पाच मिनिटे इंग्रजीत बोलायचे म्हटले तर घाम फुटतो. जून २००० पासून पहिलीला इंग्रजी आले, तेव्हा आमच्यासारख्या मराठीतून डी.एड. झालेल्यांकडे एक पुस्तक आणि काही दिवसांचे प्रशिक्षण देऊन तो विषय सोपवला गेला. आपल्या नऊ वाक्यांत शिक्षकाच्या स्वतःच्या इंग्रजीबद्दल काय आहे, हे आधी सांगावे. ते नसेल तर आपण प्रश्न टाळत आहात, आणि असेल तर मी कदाचित पहिल्याच ओळीला बाद होईन.

कृष्णाघाट

गावोगाव इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या आहेत. मुरलेला शिक्षक मराठी माध्यमात हवा की तिथे, हे आधी ठरवा.

विटेकर

कृष्णाघाट, दोन्हीकडे हवा. पण हा धागा माध्यमाच्या वादाकडे नेऊ नये ही विनंती. त्यावर येथे आधीच बरेच धागे आहेत.

ताई, आपण नेमके दुखणे दाखवले. आमच्या नऊ वाक्यांत शिक्षकाच्या इंग्रजीबद्दल एक वाक्य आहे, पण ते ‘विषयाचे उत्तम ज्ञान’ इतके गुळमुळीत आहे. गटात त्यावर खडाजंगी झाली होती. एकाचे म्हणणे असे की उच्चार शुद्ध नसलेल्याने स्वतःला मुरलेला म्हणू नये; दुसऱ्याने त्याला विचारले की कोणत्या देशाचे शुद्ध. माझे स्वतःचे मत असे आहे की शिक्षकाचे इंग्रजी वाढत राहिले पाहिजे आणि ते वाढत आहे हे मुलांना दिसले पाहिजे. शब्दकोश उघडण्याची लाज न वाटणारा शिक्षक मला अस्खलित पण थांबलेल्या शिक्षकापेक्षा पुढचा वाटतो. अर्थात, या मताला सोयीचा वास येतो हे मलाही कळते. शेवटी मुलांनी वर्षभर ऐकलेले इंग्रजी बहुतेक वेळा आपलेच असते.

येरळाकाठ, आपल्या आक्षेपाला उत्तर द्यायला मला थोडा वेळ हवा.

द्राक्षबाग

मी शिक्षक नाही. तासगाव तालुक्यात माझी चार एकर द्राक्षबाग आहे आणि माझा मुलगा नववीत आहे. पालकांचे मत मागितले आहे म्हणून लिहीत आहे.

गेल्या हंगामात नवीन औषध आणले. सोबतचे माहितीपत्रक दुकानातच राहिले की मजुराने टाकले, कोण जाणे. बाटलीवर बारीक अक्षरांत इंग्रजी मजकूर होता. मुलाला इंग्रजीत ऐंशीपैकी एकाहत्तर गुण होते, म्हणून त्याला वाचायला दिला. त्याने तो मोठ्याने, अजिबात न अडखळता वाचून दाखवला. मी विचारले, “शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी माल काढायचा ते कुठे लिहिले आहे?” आम्ही द्राक्षवाले त्याला पीएचआय म्हणतो. त्याला ते सापडेना. एका बाजूला छोटा तक्ता होता, त्यात पीक, रोग, मात्रा आणि शेवटच्या रकान्यात ‘वेटिंग पिरियड’ असे लिहिले होते. त्याने तक्ता वाचण्याजोगा मजकूरच मानला नव्हता, कारण शाळेत उतारा म्हणजे परिच्छेद असतो. त्रिकोणाचा पिवळा रंग विषारीपणाची पातळी सांगतो, हे मी त्याला सांगितले. तेवढे मला इंग्रजीशिवाय येते.

मुलाला दोष देत नाही, त्याच्या सरांनाही देत नाही. मुख्याध्यापकांना रजेसाठी अर्ज तो सुरेख लिहितो. माझे म्हणणे इतकेच आहे की आपल्या नऊ वाक्यांत अशी एक ओळ असावी, ज्यावरून मला पालक म्हणून कळेल की माझ्या मुलाला बाटली वाचता येईल.

कराडचे हेडमास्तर (निवृत्त)

सर्वांचे लेखन वाचले. माझी सत्तावीस वर्षे सातारा जिल्ह्यात इंग्रजी शिकवण्यात आणि पुढची आठ मुख्याध्यापक म्हणून गेली. आमच्या भागात शिक्षक घडवण्याचे काम सरकारची वाट न पाहता सुरू झाले, हे येथे आठवणे अप्रस्तुत होणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी सातारला १९३५ साली ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले होते.

येरळाकाठ यांना दिसणारा धोका खरा आहे, पण धोका लेखी मानकात नसून ते कोण वापरतो त्यात आहे. मी मुख्याध्यापक झालो तेव्हा पाठनिरीक्षणाचे लॉगबुक माझ्याकडे आले. आधीच्या अनेक वर्षांचे शेरे त्यात होते. ‘फलकलेखन सुवाच्य. शैक्षणिक साधनांचा वापर करावा. विद्यार्थी सहभाग समाधानकारक.’ इतिहासाच्या तासाला हेच, इंग्रजीच्या तासाला हेच, आणि एकाच शिक्षकाच्या नावावर ओळीने पाच वर्षे हेच. मीही पहिली दोन वर्षे हेच लिहिले, कारण माझ्याकडे दुसरे शब्द नव्हते. म्हणजे मानके होतीच, फक्त ती निरुपयोगी होती. आपण लिहिली नाहीत तर कोरी जागा राहणार नाही; तिथे ‘फलकलेखन सुवाच्य’ राहील.

तिसऱ्या वर्षी मी आमच्या इंग्रजीच्या दोन शिक्षकांना एकमेकांच्या तासाला बसायला सांगितले आणि लॉगबुकात शेरा मी न लिहिता बसणाऱ्याने लिहावा असे ठरवले. अट एकच होती: तासातील एक मुलगा निवडायचा आणि त्या पस्तीस मिनिटांत त्याने इंग्रजीतून काय केले, एवढेच लिहायचे. पहिला शेरा माझ्या अजून लक्षात आहे. ‘तिसऱ्या बाकावरील मुलाने चार वेळा मान हलवली, दोनदा सर्वांबरोबर उत्तर दिले, स्वतःचे एकही वाक्य बोलला नाही.’ ज्यांचा तास होता ते शिक्षक शाळेतील सर्वांत नावाजलेले होते. ते आठवडाभर गप्प होते आणि मग त्यांनी वर्गाला सामूहिक उत्तरे देण्याची बंदी केली. मी पाहिलेल्या पाठनिरीक्षणांत एवढा परिणाम दुसऱ्या कोणत्या शेऱ्याचा झालेला नाही.

‘मुरलेला’ हा शब्द ठेवावा. लोणचे मुरायला वेळ लागतो हे सर्वांना ठाऊक असते, आणि नुसता वेळ गेला म्हणून ते मुरतेच असे नाही, हेही घरोघरी ठाऊक असते.

येरळाकाठ

हेडमास्तर सर, आपला लॉगबुकाचा मुद्दा मला निरुत्तर करणारा आहे आणि मी तो मान्य करतो. माझ्याही सेवापुस्तिकेमागे ‘समाधानकारक’ची रांग आहे.

तरी एक गोष्ट मी सोडणार नाही. आपल्या शाळेत त्या शेऱ्यामुळे कोणाची वेतनवाढ थांबली नाही, म्हणून तो शेरा खरा लिहिला गेला. त्या सहकाऱ्याला माहीत असते की आपल्या ओळीवरून समोरच्याची निवडश्रेणी अडेल, तर त्याने ‘विद्यार्थी सहभाग उत्तम’ असेच लिहिले असते, आणि मीही तेच लिहिले असते. अमेरिकेतील प्रमाणपत्र ऐच्छिक आहे, हे विटेकर सरांनी ओझरते सांगितले; ऑस्ट्रेलियातील वरच्या टप्प्यांची प्रमाणपत्रेही तशीच आहेत. माझ्या मते ती बाब मथळ्यात हवी. ऐच्छिक असल्यावर शिक्षक आपला फसलेला तासही दाखवू शकतो. सक्ती झाली की प्रत्येक तास आदर्श पाठ होतो, आणि आदर्श पाठ म्हणजे काय असते हे आपण सर्वांनी बी.एड.ला पाहिले आहे: प्रश्नाचे उत्तर कोणता मुलगा देणार हे आदल्या दिवशी ठरलेले.

माधवनगर

मी अध्यापक शिक्षणाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून दोन गोष्टी पुराव्याबद्दल सांगतो.

नॅशनल बोर्डाच्या प्रक्रियेत शिक्षकाला विषयज्ञानाची परीक्षा द्यावी लागते. त्याशिवाय स्वतःच्या तासाचे चित्रीकरण, मुलांच्या कामाचे नमुने आणि त्यांवरचे स्वतःचे विश्लेषण सादर करावे लागते. चित्रीकरण चांगले दिसले म्हणून काम भागत नाही. या मुलासाठी या क्षणी हेच का केले, हे लिहून पटवून द्यावे लागते. प्रमाणपत्र कायमचे नसते, त्याचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. ही पद्धत खर्चिक आणि वेळखाऊ आहे आणि ती आपल्याकडे जशीच्या तशी आणावी असे मी म्हणणार नाही. साठ मुलांचा वर्ग आणि आठवड्याला तीसच्या आसपास तासिका असलेल्या शिक्षकाने असे विश्लेषण कधी लिहायचे?

दुसरी गोष्ट प्रसंगलेखनाबद्दल. विटेकर सरांचा प्रसंग मलाही आवडला, पण त्यात एक सापळा आहे. माणूस स्वतःचा प्रसंग लिहितो तेव्हा तो गोष्ट सांगतो, आणि गोष्टीला शेवट चांगला लागतो. मुलाने रुमालाची उपमा दिली आणि तास संपला. पुढच्या महिन्यात त्या मुलाने ‘इट इज लेट’ किंवा ‘इट इज फार टू विटा’ असे वाक्य स्वतः लिहिले का? ते त्याच्या वहीत सापडेल, प्रसंगात सापडणार नाही. म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक प्रसंगासोबत तीन महिन्यांनंतरची वही मागावी, आणि ती वर्गातल्या हुशार मुलाची नसावी.

जतच्या ताईंना एक सांगावेसे वाटते. आपल्याला दोन घरच्या भाषांतून येणाऱ्या दोन वेगळ्या चुका वेगळ्या ओळखता येतात. मी गेली बारा वर्षे इंग्रजी अध्यापनपद्धती शिकवतो आणि मला ते येत नाही.

जतची बाई

आभारी आहे. पण माझे बोलणे सुधारण्याची गरज त्यामुळे संपत नाही, आणि ती संपली असे मला कोणी सांगू नये. तसे सांगणे म्हणजे मला आणि माझ्या मुलांना कमी लेखणे होईल. मानकात ती ओळ हवीच, फक्त ती उच्चाराच्या परीक्षेसारखी नसावी. मी असे सुचवते: ‘वर्गातील रोजचे व्यवहार, सूचना आणि गप्पा शिक्षक इंग्रजीतून करू शकतो, आणि कोठे घरच्या भाषेकडे वळायचे हे तो सवयीने न ठरवता विचाराने ठरवतो.’ यात मी अजून बसत नाही, पण पुढच्या वर्षी बसू शकेन.

विटेकर

माधवनगर यांनी विचारलेला प्रश्न माझ्या जिव्हारी लागला, म्हणून काल त्या मुलाची वही मागवून घेतली. ऑगस्टमधील तासानंतर त्याने स्वतःच्या मनाने ‘इट’ दोनदा वापरला आहे. एकदा ‘इट इज व्हेरी हॉट इन भट्टी’ असे लिहिले आहे. त्याचे वडील गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, कामाला तमिळनाडूत आहेत आणि सुट्टीत तो तिकडे गेला होता. हे वाक्य पाहून मी सुखावलो. पण पुढच्याच पानावर ‘माय फादर इट इज वर्किंग देअर’ असे आहे. रुमाल आता भरलेल्या जागेवरही पडू लागला आहे. माझा प्रसंग मी जिथे संपवला तिथे तो संपला नव्हता. मी समासात दुरुस्ती न करता ‘इथे जागा रिकामी आहे का?’ एवढेच लिहून वही परत केली आहे.

येरळाकाठ, आपल्या आक्षेपाचे उत्तर मला द्यावे लागले नाही, ते आपण आणि हेडमास्तर सरांनी मिळून दिले. मसुद्याच्या वर पहिली ओळ आता अशी राहील: ‘ही मानके शिक्षकांनी स्वतःच्या आणि एकमेकांच्या कामाकडे पाहण्यासाठी लिहिली आहेत, वेतन, बदली किंवा बढतीच्या निर्णयासाठी त्यांचा वापर लेखकांना मान्य नाही.’ ही ओळ कोणावर बंधनकारक नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ती छापील असावी.

नऊपैकी तीन वाक्ये काढून टाकली, कारण त्यांच्यामागे एकही प्रसंग नव्हता. ती आम्ही प्रशिक्षणाच्या पुस्तिकांतून उचलली होती हे मान्य केले पाहिजे. ताईंचे वाक्य जसेच्या तसे घेतले आहे. हेडमास्तर सरांच्या लॉगबुकावरून एक वाक्य आले: ‘तासाला वर्गातील प्रत्येक मुलाला स्वतःचे एक तरी इंग्रजी वाक्य बोलण्याची किंवा लिहिण्याची वेळ येते, आणि कोणावर ती आली नाही हे शिक्षकाला माहीत असते.’ साठ मुलांच्या वर्गात पहिला भाग रोज जमणार नाही असे दोघांनी सांगितले, म्हणून ‘तासाला’ऐवजी ‘आठवड्यात’ करावे का, यावर अजून मतभेद आहेत. माझे मत ‘तासाला’ ठेवावे असे आहे.

द्राक्षबाग यांच्यासाठीचे वाक्य लिहिताना सर्वांत जास्त वेळ गेला. ‘मुले दैनंदिन व्यवहारातील इंग्रजी मजकूर वाचतात’ असे लिहिले तर ते अध्ययन निष्पत्तीसारखे (मुलांना काय आले पाहिजे याच्या यादीसारखे) वाटते आणि शिक्षकाने काय करायचे ते कळत नाही. सध्याचे रूप असे आहे: ‘मुलांच्या घरी, शेतात आणि बाजारात कोणता इंग्रजी मजकूर येतो हे शिक्षकाने जाऊन पाहिलेले असते, आणि त्यातून मुलांनी काय शोधून काढायचे हे तो वर्गात शिकवतो.’ ‘जाऊन पाहिलेले’ हे शब्द काढावेत असे काहींचे म्हणणे होते. ते मी ठेवले आहेत.

पुढची बैठक तासगावला आहे. येणाऱ्यांनी एक प्रसंग आणि दोन वह्या आणाव्यात, त्यांतील एक वर्गातील सर्वांत मागे राहिलेल्या मुलाची असावी. येरळाकाठ, आपण मानके मान्य न करता आलात तरी चालेल. विरोधातले मत लिहून घ्यायला आम्हाला माणूस हवा आहे.

द्राक्षबाग

बैठक तासगावला असेल तर रिकाम्या, धुतलेल्या बाटल्या मी आणून देईन. पाच-सहा वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत, आणि तक्ता प्रत्येकीवर वेगळ्या जागी आहे. एक बेदाण्याच्या बॉक्सचे लेबलही ठेवतो. त्यावरचे इंग्रजी आमच्याच शेडमध्ये कोणीतरी लिहिले आहे आणि त्यात चुका आहेत, असे मुलगा म्हणतो.

येरळाकाठ

येतो. चहा कोणाकडे आहे तेवढे कळवा.